अख्खा भाजायचा की तोडून शिजवायचा?

विषय होता फेझंट, म्हणजे कोंबडीच्या कुळातला रानपक्षी, परवान्याने शिकारीच्या हंगामात मारलेला. अण्णांचं म्हणणं ठाम: पक्षी अख्खाच भाजावा, तोडला की चव गेली.

वैशाली ऐकेना. "अहो अण्णा, याची छाती आणि तंगडी ही दोन वेगळी मांसं आहेत. फेझंट दिवसभर जमिनीवर चालतो, म्हणून पाय चिवट. उडतो तो झपकन, थोडाच वेळ. म्हणून छाती फिकट रंगाची, आणि चरबी जवळजवळ नाहीच. छाती पंधरा मिनिटांत होते, तंगडीला मंद आचेवर दीड-दोन तास लागतात. अख्खा भाजलात तर तंगडी मऊ होईपर्यंत छातीचा भुसा होतो."

"वरून लोणी चोपडायचं की!"

"लोणी कातडीवरच राहतं अण्णा, मांसात शिरत नाही," सुमित म्हणाला. "ओल धरायची तर मिठाचं पाणी. एक लिटरला 50 ग्रॅम मीठ, पक्षी पूर्ण बुडवून फ्रिजमध्ये आठ तास. मिठाने मांस पाणी धरून ठेवतं. नंतर मात्र खडखडीत पुसायचा. कातडी ओली राहिली तर ती भाजत नाही, वाफेवर शिजते आणि रबरासारखी होते."

अण्णांनी वयाचा मुद्दा काढला, आणि तो खराच आहे. नराच्या पायामागचा काटा बघायचा. आखूड, बोथट असेल तर पक्षी कोवळा. लांब आणि टोकदार असेल तर जून, त्याचा फक्त रस्साच.

तंगडीचं खरं दुखणं मात्र शिरांचं, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या चिवट दोऱ्यांचं. पंजा छाटून टाकण्याआधीच त्या काढाव्या लागतात. पंजाच्या वरच्या सांध्यावर कातडी गोल चिरायची, फक्त कातडी. सांधा मागे मोडायचा, तंगडी एका हातात घट्ट धरायची आणि पंजा ओढायचा. पांढऱ्या, सुतळीसारख्या शिरा पंजाबरोबर सरकत बाहेर येतात. सगळ्या एका दमात येत नाहीत, उरलेल्या पकडीने ओढायच्या. राहिल्या तर दोन तास शिजवूनही काडीसारख्या दाताखाली येतात.

"त्यापेक्षा रात्रभर व्हिनेगरमध्ये मुरवा, सगळं मऊ होतं," अण्णा म्हणाले.

इथे सुमितचा आवाज चढला. "छर्रे शिशाचे असतील तर आंबटात शिसं जास्तच विरघळतं! आधी जखमा शोधा. काळंनिळं रक्त साकळलेलं दिसतं, आत बऱ्याचदा पीस शिरलेलं असतं. पीस चिमट्याने ओढलं की मागोमाग छर्रा सापडतो. भोवतीचं मांसही कापून टाकायचं, कारण शिशाचे बारीक कण बोटाला लागत नाहीत. आणि शिशाने मारलेला पक्षी लहान मुलांना, गरोदर बाईला द्यायचाच नाही."

रानबदकाचा हिशेब उलटा. ते लांब उडतं, म्हणून त्याची छातीच गडद लाल. शेपटीवरची तेलाची गाठ आधी कापायची, नाहीतर सगळ्याला वास लागतो. छाती थंड तव्यावर कातडी खाली करून ठेवायची आणि मंद आचेवर चरबी सुटू द्यायची. तवा आधीच तापवला तर कातडी करपते आणि चरबी आतच अडकते. बदक मासे खाणारं असेल तर कातडी आणि चरबी दोन्ही सोलून टाकायची. वास तिथेच असतो.

"शिजलं हे कळणार कसं? टोचून बघायचं," अण्णा म्हणाले.

"थर्मामीटर," दोघंही एकदम म्हणाले. छातीच्या सगळ्यात जाड भागात, हाडाला न टेकवता. सुरक्षित आकडा 74 अंश. 71-72 ला उतरवून पाच मिनिटं झाकलं की आतल्या उष्णतेने तो गाठला जातो. नाही गाठला तर परत आचेवर.

"आणि सांगाडा? तो टाकणार?"

"टाकायचा कशाला? भाजून घ्यायचा, कांदा-मिरी घालून दोन तास उकळायचा आणि तंगड्या त्याच पाण्यात शिजवायच्या," वैशाली म्हणाली.

अण्णांना हे पटलं. अख्खा भाजायचा हट्ट त्यांनी सोडला नाही, पण काटा आखूड असेल तरच, एवढी अट मान्य केली.