वीस ते पन्नास केबीतला माणूस

सोलापूरच्या नवी पेठेत कुणी गाठून 'काय करलालास बे सध्या?' असं विचारलं, तर 'काही नाही' म्हणू नये. 'अप्लाय करलालोय' म्हणावं. ते खोटंही नाही. नोकरीसाठी अर्ज करणं हे माझ्या मते पूर्णवेळ काम आहे, फक्त त्याला पगार, रजा आणि पीएफ नाही. आणि या कामात डोकं फुटतं ते प्रश्नांनी नव्हे, केबींनी, म्हणजे फाइलच्या मापांनी.

फोटोपासूनच घ्या. बँकांच्या आयबीपीएस परीक्षेचा अर्ज म्हणतो, फोटो २०० बाय २३० पिक्सेल, २० ते ५० केबी. सही १४० बाय ६०, १० ते २० केबी. शिवाय डाव्या अंगठ्याचा ठसा आणि एक घोषणापत्र, तेही स्वतःच्या हस्ताक्षरात, इंग्रजीत, काळ्या शाईनं, सगळी अक्षरं कॅपिटल चालणार नाहीत. पंधरा-सोळा वर्षं शिकवून झाल्यावर शेवटी अंगठाच घेतात, हे मला फार प्रामाणिक वाटतं.

मोबाइलचा फोटो असतो तीन-चार एमबीचा, म्हणजे तीन-चार हजार केबींचा. तो पन्नास केबीत बसवणं म्हणजे अख्खी वरात एका रिक्षात कोंबणं. लोक तो आधी व्हॉट्सॲपवरून मित्राला पाठवतात, तिथं तो एकदा चेंगरतो. मित्र ॲपमध्ये घालून दाबतो. अर्ज म्हणतो, मोठा आहे. परत दाबतो. मग बाहेर येतो १८ केबीचा एक धुरकट इसम, त्याला अर्ज म्हणतो, लहान आहे. हे सगळं क्रम चुकल्यामुळं होतं. आधी कापायचं, चेहरा आणि खांदे एवढंच ठेवायचं. मग पिक्सेल बसवायचे. दाबायचं सगळ्यात शेवटी आणि एकदाच. कुणाला पाठवायचाच झाला तर व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायचा. आणि मूळ फोटो पुसायचा नाही, तो कुठंतरी जपून ठेवायचा. हे शेवटचं वाक्य कुणी ऐकत नाही.

सहीचं दुखणं वेगळं. रेघांच्या वहीत निळ्या पेनानं सही करायची आणि रात्री ट्यूबलाइटखाली फोटो काढायचा, म्हणजे सहीवर आपल्याच हाताची सावली पडते आणि अर्जात पोलिसांनी जप्त केलेल्या चिठ्ठीसारखं काहीतरी दिसतं. कोरा कागद, काळं पेन, सकाळी खिडकीपाशी. भोवतालचा कोरा कागद छाटून टाकायचा, नाहीतर १४० पिक्सेलमध्ये सही मुंगीएवढी होते.

नावाचा घोळ मात्र खास आपल्या मातीतला. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग आपलं, मग वडिलांचं, आणि आईचं वेगळ्या रकान्यात. आधारवर आपलं आधी. कंपनीच्या अर्जात 'फर्स्ट नेम'चा चौकोन आला की पोरगं समोरची गुणपत्रिका बघून पहिला शब्द टाकतं आणि दोन दिवसांनी पुण्याहून मेल येते : 'हाय माळी!' स्पेलिंगची तर आणखी मजा. एका कागदावर लक्ष्मी एक्सची, दुसऱ्यावर केएसएचची. एका कागदावर गाव सोलापूर, आजोबांच्या काळातल्या दाखल्यावर शोलापूर. यावर उपाय एकच : दहावीच्या प्रमाणपत्रावरचं स्पेलिंग हे मूळ धरायचं आणि आधार, पॅन, बँकेचं खातं त्याच्या मागं ओढून आणायचं. उलट करायला गेलं तर बोर्डाच्या खेपा घालाव्या लागतात.

आता रिझ्युमे. तो बनतो झेरॉक्सच्या दुकानात. तिथल्या संगणकात 'बायोडाटा' नावाची एकच फाइल असते, लग्नाची आणि नोकरीची मिळून. वरचा गणपती काढला की नोकरीची. पण घाईत सगळं निघत नाही, म्हणून कंपन्यांना रक्तगट, उंची आणि 'मामांचे कूळ' यांची माहिती विनाकारण मिळत राहते. वडिलांचा व्यवसाय, जात, धर्म, विवाहित की अविवाहित यांतलं काहीही खासगी नोकरीच्या रिझ्युमेत लागत नाही. 'आव्हानात्मक वातावरणात माझ्या कौशल्यांचा विकास' हे इंग्रजी उद्दिष्ट सगळ्या जिल्ह्याचं सारखं असतं. ते काढलं तर दोन ओळी वाचतात. खाली 'वरील माहिती खरी आहे' अशी शपथ असते, ठिकाण सोलापूर, तारीख दोन वर्षांपूर्वीची. तीही काढा.

दुकानदार पीडीएफ कशी करतो तिकडं लक्ष ठेवा. काही जण छापलेल्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढून त्याची पीडीएफ करतात. दिसायला ती ठीक असते, पण मोठ्या कंपन्यांत माणसाआधी सॉफ्टवेअर रिझ्युमे चाळतं आणि त्याला त्या फोटोतलं अक्षर वाचता येईलच असं नाही. तुमचा बीकॉम, तुमची टॅली, सगळं त्याच्या लेखी कोरं. परीक्षा सोपी आहे : पीडीएफ उघडून एका ओळीवर बोट दाबून धरा. ओळ निवडता आली, कॉपी होऊन दुसरीकडं नीट चिकटली, तर मशीनलाही वाचता येईल. मराठी मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात टाइप केला असेल तर चिकटवल्यावर नुसती टिंबं, चांदण्या आणि कंस दिसतात. दोन रकान्यांची नक्षीदार मांडणी, कौशल्यांसमोरच्या पाच चांदण्या, गोलातला फोटो, यांनीही सॉफ्टवेअर गोंधळतं. एक रकाना, साधी अक्षरं, एक पान. फाइलचं नाव 'न्यू फायनल फायनल २' असं ठेवू नये. स्वतःचं नाव आणि पद एवढं पुरे. आणि ज्या ईमेलमध्ये 'किंग' किंवा 'रॉयल' आहे तो मित्रांसाठी ठेवून अर्जाला नवा काढावा.

रिझ्युमेतली सगळ्यात मोठी लबाडी खोटं लिहिण्याची नाही, खरं लपवण्याची असते, आणि ती आपल्याकडं सर्रास चालते. 'लँग्वेजेस नोन'समोर लिहिलेलं असतं मराठी, हिंदी, इंग्रजी. हाच मुलगा शेजारच्या आज्जीशी कन्नड बोलतो आणि अशोक चौकातल्या मित्राशी तेलुगू. कर्नाटक आणि तेलंगणात माल विकणाऱ्या कंपनीला, कस्टमर केअरला, बँकेच्या वसुली खात्याला नेमका असाच माणूस हवा असतो. पण शाळेत शिकवली नाही ती भाषा येतच नाही, अशी आपली ठाम समजूत. लिहावं : कन्नड, बोलता येते. लिहिता येत नसेल तर तेही लिहावं.

तसंच 'अनुभव : फ्रेशर'. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेत होम मैदानावर स्टॉल लावून जो मुलगा रोज रात्री गल्ला मोजतो, सुट्ट्यांत काकांच्या टॉवेलच्या दुकानात उधारीची वही सांभाळतो, तो फ्रेशर कसा? 'मेहनती आणि टीम प्लेयर' यापेक्षा 'दुकानातली चाळीस गिऱ्हाइकांची उधारी, दर आठवड्याला वसुली' ही ओळ वाचून समोरचा मान वर करतो. मात्र आकडा खरा असावा, कारण पुढचा प्रश्न त्याच्यावरच येणार.

मुलाखतीचं बोलावणं आलं की प्रवास. हुतात्मा एक्सप्रेस सोलापूरहून सकाळी साडेसहाच्या सुमारास सुटते आणि साडेदहाच्या आगेमागे पुण्याला पोचते. अकराच्या मुलाखतीला हे गणित छान वाटतं, पण मुलाखत हिंजवडीत असते आणि हिंजवडी पुणे स्टेशनात नाही, तिथून वीसेक किलोमीटर लांब आहे. वंदे भारत २०२३ पासून धावते, ती आधी पोचवते, पण बेकाराच्या खिशाला चिमटा काढते. वेळ दुपारी दोनची मागून बघावी. नम्रपणे, कारण सांगून मागितली तर बरेचदा मिळते. सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीला जायचं असेल तर गाडी नव्हे, ऊन आडवं येतं. मे महिन्यात पारा चाळीसच्या वर, पुणे हायवे, दुचाकी. इस्त्रीचा शर्ट पिशवीत न्यायचा, अंगात टी-शर्ट, आणि गेटच्या अलीकडं चहाच्या टपरीमागं कपडे बदलायचे. निळा शर्ट घामाचा नकाशा दाखवतो, पांढरा लपवतो. नॅपकिन न्यायला मात्र कुणी विसरू नये, निदान सोलापूरकरानं तरी.

ऑनलाइन मुलाखत त्याहून कठीण. सोलापूरच्या पूर्व भागात घरात किंवा शेजारी यंत्रमाग असला तर खटखट-खटखट सुरू, आणि समोरच्या मॅडम विचारतात, 'तुम्ही ट्रेनमध्ये आहात का?' अशा वेळी वायरचे इअरफोन लावायचे, त्यांचा माइक तोंडाजवळ राहतो. बोलायचं नसेल तेव्हा म्यूट. मागं भिंतीवर कॅलेंडर आणि खुंटीवर शर्ट दिसू नयेत म्हणून कुणीतरी चादर टांगतं. सोलापुरी चादर अभिमानाची वस्तू आहे, पण मुलाखतभर डोक्यामागं डौलदार मोर उभा असला की समोरचे सगळे मोराकडं बघतात. साधी पांढरी बेडशीट लावा. खिडकी पाठीमागं नको, समोर हवी, नाहीतर चेहरा काळा पडतो. त्या दिवशी नळाला पाणी येणार आहे का हेही बघून ठेवा. चार दिवसांनी पाणी आलं की घरात तुमच्या करिअरपेक्षा पिंपाला महत्त्व असतं, आणि ते योग्यच आहे.

'टेल मी अबाउट युवरसेल्फ' या प्रश्नाला 'मायसेल्फ अमुक' अशी सुरुवात करण्याची आपली जुनी परंपरा आहे. ती मोडावी. 'आय ॲम' पुरतं. आणि रिझ्युमे त्यांच्या समोरच आहे, तो पाठ म्हणू नये. दीड मिनिट, तीन गोष्टी : काय शिकलो, हातानं काय केलंय, इथं का आलोय. घड्याळ लावून मोठ्यानं चारदा म्हणून बघा. पहिल्यांदा पाच मिनिटं होतात आणि त्यांतली तीन बालपणात जातात. 'सोलापूर? चादरवालं ना?' हा प्रश्न येणारच, त्याला हसून 'हो, आणि शेंगाचटणीवालं' म्हणावं. 'एखादी अडचण कशी सोडवलीत?' याला तत्त्वज्ञान नको, प्रसंग हवा : काय झालं होतं, माझ्यावर काय काम होतं, मी काय केलं, काय निष्पन्न झालं. शेवटचं वगळायची सवय असते. स्टॉलचा माल पावसात भिजला हे रंगवून सांगतात, तो विकला गेला की नाही हे राहूनच जातं.

'तुम्हाला काही विचारायचंय?' यावर 'नो सर' म्हणून उठू नये. प्रोबेशन किती, त्या काळात पगार किती, शिफ्ट कुठली, बॉण्ड आहे का, हे विचारायची तीच वेळ. मूळ कागदपत्रं ठेवून घेतो म्हणाले तर झेरॉक्स द्यावी, मूळ दाखवून परत पिशवीत. आणि नोंदणी फी, ट्रेनिंगचं डिपॉझिट, लॅपटॉपची अनामत असं काहीही मागितलं की तिथून उठावं. नोकरी देणारा पैसे देतो, घेत नाही. घेणाऱ्याचा धंदा वेगळा असतो.

पॅकेजचा आकडा घरी सांगण्याआधी कागद-पेन घ्यावं. वर्षाला २ लाख ४० हजार, म्हणजे महिन्याला वीस हजार, असं आपण सांगतो आणि आप्पा ते गल्लीभर सांगतात. मूळ वेतन १० हजार धरू. कंपनीचा पीएफचा वाटा १२ टक्के, १,२०० रुपये. ग्रॅच्युइटीची तरतूद ४.८१ टक्के, ४८१ रुपये. पगार २१ हजारांच्या आत म्हणून कंपनीचा ईएसआयचा, म्हणजे कामगार विम्याचा, वाटा ३.२५ टक्के, साधारण ५७७ रुपये. हे सगळं त्या वीस हजारांतच धरलेलं असतं. राहिले १७,७४२. त्यातून तुमचा पीएफ १,२००, तुमचा ईएसआय १३३, व्यवसाय कर २००, फेब्रुवारीत ३००. महिला असाल तर या पगाराला व्यवसाय कर नाही. पुरुषाच्या हातात सोळा हजार दोनशे. त्यातून पुण्यात कॉट बेसिसचं भाडं आणि मेस. चिंचोळीतल्या चौदा हजारांकडं मग नव्यानं बघावंसं वाटतं, कारण तिथं दुपारचा डबा आईचा असतो.

मुलाखतीनंतर 'कळवतो' म्हणतात. हा शब्द आपल्याला मुलगी बघण्याच्या कार्यक्रमामुळं ओळखीचा आहे, त्यामुळं अर्थ विचारावा लागत नाही. त्याच संध्याकाळी तीन ओळींची आभाराची मेल टाकावी, आठवड्यानं एकदा विचारावं, त्यानंतर नाही. मोबाइल सायलेंटवर ठेवू नये, अनोळखी नंबर कापू नये, आणि कॉलर ट्यून काढून टाकावी. एचआरच्या मॅडमना अख्खा पाळणा ऐकवून मग 'हॅलो' म्हणण्यात अर्थ नाही. अर्जात दुसरा नंबर वडिलांचा दिला असेल तर त्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर ते मॅडमना आधी 'तुम्ही कुठल्या?' विचारतात.

आणि समजा, कळवलंच. ऑफर लेटर येतं, पाठोपाठ जॉइनिंगची मेल. आयकार्डासाठी एक फोटो पाठवा. पार्श्वभूमी पांढरी, आकार किमान १ एमबी. मोबाइलात शोधावं तर ४८ केबीचा एक आहे, १८ केबीचा एक आहे, आणि मूळचा जागा करण्यासाठी मागच्याच आठवड्यात उडवलेला आहे.