आजोबांचं नाणं ग्रेडिंगला पाठवा म्हणे! त्या मेसेजचा एकेक मुद्दा बघू

नाणी जमवणाऱ्यांत सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. त्याचं सार असं, की घरातल्या माणसांकडून आलेली नाणी डबीत नुसती ठेवून देणं म्हणजे अडाणीपणा, ती घासूनपुसून चकाचक करा, नावाजलेल्या कंपनीकडून ग्रेड करून घ्या (म्हणजे कंपनी नाण्याची अवस्था बघून १ ते ७० मधला नंबर देते आणि ते 'स्लॅब'मध्ये, लेबल लावलेल्या कडक प्लॅस्टिकच्या डबीत, सील करते), एकदा का स्लॅबमध्ये गेली की किंमत दहापट, वर नाणं कायमचं सुरक्षित, खरेपणाची गॅरंटी, आणि ग्रेड नसेल तर तुमच्यानंतर पोरं ती भंगारात काढतील. ग्रेडिंगशी माझं काही वाकडं नाही, माझ्याकडेही स्लॅब आहेत. पण हा मेसेज ज्या नाण्यांबद्दल आहे त्यांनाच तो सगळ्यात कमी लागू पडतो, आणि त्यातला एक सल्ला तर सरळ नुकसान करणारा आहे, म्हणून आधी तोच घेतो.

"पाठवायच्या आधी नाणं स्वच्छ करा."

अजिबात नको. टूथपेस्ट नको, सोडा नको, लिंबू नको, मऊ फडकंसुद्धा नको. नाणं ठोकताना धातू दाबाखाली बाहेरच्या बाजूला सरकतो आणि पृष्ठभागावर अगदी बारीक रेषा उमटतात, न वापरलेलं नाणं दिव्याखाली हळूहळू तिरकं करा, प्रकाशाचा एक पट्टा नाण्यावरून गोल फिरताना दिसेल, तो या रेषांमुळे. घासलं की त्या गेल्या, त्यांच्या जागी आले एकाच दिशेचे केसासारखे ओरखडे, आणि एकदा गेलेली ती मूळ चमक जगात कोणी परत आणू शकत नाही. चांदी उजळायचं डिप मिळतं तेही वरचा पातळ थर विरघळवूनच काम करतं. ग्रेडर लोक हे रोज बघतात, त्यांना फसवणं सोपं नाही. मग नंबर मिळतच नाही, लेबलवर येतं 'डीटेल्स' (नाण्यात बिघाड आहे म्हणून नंबर नाही) आणि पुढे 'क्लीन्ड' (साफ केलेलं). म्हणजे पैसे भरून स्वतःच्याच उद्योगाचं सर्टिफिकेट घेतलं म्हणायचं!

अपवाद एकच सांगतो. जुन्या पीव्हीसीच्या (मऊ प्लॅस्टिकच्या) पाकिटात राहिल्यामुळे नाण्यावर हिरवट चिकट थर आला असेल तर तो शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये नाणं नुसतं बुडवून निघू शकतो, न घासता, हवा खेळती ठेवून, आगीपासून लांब. नेलपॉलिश रिमूव्हर चालणार नाही, त्यात इतर पदार्थ मिसळलेले असतात. आणि खात्री नसेल तर तेही करू नका, जाणकाराला दाखवा.

"ग्रेड मिळाला की किंमत दहापट."

हा आकडा कुठून आला देव जाणे. १ ते ७० ची ही पट्टी १९४९ मध्ये विल्यम शेल्डन यांनी अमेरिकेच्या जुन्या मोठ्या तांब्याच्या सेंटसाठी मांडली, आणि गंमत म्हणजे मूळ कल्पनाच अशी होती की ७० चं नाणं १ च्या सत्तरपट किमतीचं. बाजाराने तो हिशोब फार काळ टिकू दिला नाही, पट्टी तेवढी राहिली. पुढे पीसीजीएस आणि एनजीसी या अमेरिकेतल्या दोन ग्रेडिंग कंपन्यांनी, पहिलीने १९८६ पासून आणि दुसरीने १९८७ पासून, तीच पट्टी वापरून नाणी ग्रेड करून प्लॅस्टिकमध्ये सील करायला सुरुवात केली. यातले ६० ते ७० हे सगळे नंबर चलनात न फिरलेल्या नाण्यांचे, किमतीच्या मोठ्या उड्या बहुतेक तिथे वरती किंवा मग मुळातच दुर्मिळ असलेल्या नाण्यात. लाखोंनी निघालेलं साधं नाणं, वर्षानुवर्षं हाताळलेलं, त्याला १२ मिळाला काय आणि १५ मिळाला काय, ते साधंच राहतं. फी, जायचं-यायचं कुरियर, विमा हे धरलं तर बऱ्याचदा नाण्यापेक्षा खर्च जास्त.

शिवाय आठवणीची नाणी असतात कशी ते तरी बघा. कोणी भोक पाडून गळ्यात घातलेलं, कोणी लॉकेटला झाळलेलं, कोणी टोकदार सुईने आपली अक्षरं कोरलेलं. कंपनीच्या भाषेत हे सगळं डॅमेज, परत डीटेल्सच. तुम्ही ज्या अक्षरांसाठी ते जपलं त्यांची नोंद ओरखडे किंवा 'ग्राफिटी' म्हणून होणार. यात त्यांची चूक नाही हं, त्यांचं कामच ते आहे.

"ग्रेड म्हणजे शास्त्रीय, अंतिम निकाल."

अनुभवी माणसांचं मत आहे ते. चांगलं मत, एकापेक्षा जास्त जणांनी बघून दिलेलं, पण मतच. त्याच नाण्याला दुसऱ्या खेपेला वेगळा नंबर मिळू शकतो, म्हणून तर लोक स्लॅब फोडून तेच नाणं परत पाठवतात, जरा वरचा नंबर मिळेल या आशेने.

"स्लॅबमध्ये नाणं कायमचं सुरक्षित."

बोटांपासून आणि पडण्यापासून, हो. पण स्लॅब हवाबंद नसतो, हवेतल्या गंधकाने चांदी आतही काळवंडू शकते, दमट जागी ठेवलं तर तांब्यालाही त्रास होतोच, आणि पीव्हीसीचा थर अंगावर असतानाच नाणं बंद झालं तर आत बसून तो आपलं काम चालू ठेवतो. एवढ्यापुरतंच हवं असेल तर चांगली कॅप्सूल (नाण्याच्या मापाची पारदर्शक डबी) पुरते, पाहिजे तेव्हा उघडून नाणं हातात घेता येतं हा वेगळा फायदा.

"खरेपणाची गॅरंटी."

हा मुद्दा मात्र मान्य. दुर्मिळ वर्षाचं किंवा टांकसाळीचं नाणं असेल, विमा काढायचा असेल, भावंडांत वाटणी करायची असेल, विकायचं असेल, तर नक्की पाठवा. फक्त एवढं लक्षात असू द्या की स्लॅबही नकली निघतात, म्हणून कोणाकडून घेताना लेबलवरचा त्या नाण्याचा नोंदणी नंबर (ग्रेडचा नव्हे) कंपनीच्या साइटवर टाकून, तिथे फोटो असेल तर तो जुळवून बघा. आणि स्वतःचं नाणं पाठवताना आधी दोन्ही बाजूंचे आणि कडेचेही फोटो काढून ठेवा. वाटेत हरवलं तर भरपाई तुम्ही जाहीर केलेल्या बाजारभावाच्या हिशोबाने मिळणार, त्या पैशात तसलंच दुसरं नाणं येईल, आजोबांचं येणार नाही. ही जोखीम मेसेजवाल्याने कुठेच लिहिलेली नाही.

"ग्रेड नसेल तर पुढच्या पिढीला किंमत कळणार नाही."

मला सगळ्यात जास्त राग याच वाक्याचा आला. पक्षपात होऊ नये म्हणून नाणं कोणी पाठवलं हे ग्रेडरला सांगतच नाहीत, आणि ते योग्यच आहे. पण मग लेबलवर काय येणार? वर्ष, दर्शनी किंमत, ग्रेड, नोंदणी नंबर. एखाद्याने नाणं आयुष्यभर खिशात बाळगलं, अंगठा फिरवून फिरवून राजाचा चेहरा सपाट केला आणि मागची बाजू मात्र अजून वाचता येते, तर ग्रेडरच्या दृष्टीने ती झीज, खालचा कुठलातरी ग्रेड देऊन मोकळे. कोणाचा अंगठा, कशासाठी, हे त्या प्लॅस्टिकवर कधीच येणार नाही (काही कंपन्या जादा पैसे घेऊन कलेक्शनचं नाव छापून देतात, तेवढंच). पोरं भंगारात काढतात ती हे माहीत नसतं म्हणून. तेव्हा एका कागदावर लिहा, कोणाचं, कोणाकडून कोणाकडे आलं, कधी, भोक कोणी पाडलं आणि का, सोबत त्या माणसाचा फोटो असेल तर उत्तमच. कागद आम्लरहित घ्या आणि नाण्याला चिकटवून ठेवू नका, साध्या कागदातल्या गंधकानेही चांदी काळी पडते. नाणं कॅप्सूलमध्ये आणि कागद वेगळ्या पाकिटात, दोन्हींवर एकच नंबर टाकला की झालं, त्याला कोणाची फी लागत नाही.