सोलापुरात ढग मागणारा माणूस

मार्च महिन्यात सोलापूरवर ढग आले की ज्याला मनापासून आनंद होतो, असा माणूस शहरात बहुधा एकच असावा. तो मी. आणि हा आनंद मला चोरून साजरा करावा लागतो, कारण माझी सासुरवाडी कासेगावची. मेहुण्याची द्राक्षबाग आहे, बेदाण्याचं शेड आहे. शेजारच्या काकूंच्या गच्चीवर कुरडया आहेत. या सगळ्यांना ऊन हवं असतं, कडकडीत. मला एकट्याला आभाळ हवं असतं, कारण मार्चअखेर पुण्याकडे एक मॅरेथॉन आहे आणि तिचे पैसे मी भरून बसलोय.

पूर्ण मॅरेथॉन, ४२.१९५ किलोमीटर. हा आकडा असा वाकडा का, याचं उत्तर १९०८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आहे. शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून सुरू करून स्टेडियममध्ये राजघराण्याच्या आसनासमोर संपवली, ते अंतर एवढं भरलं आणि १९२१मध्ये तेच कायमचं ठरलं. म्हणजे तिकडच्या राणीसाहेबांची बसण्याची सोय झाली आणि त्याचे वरचे मीटर आमच्या जुळे सोलापूर या उपनगरातल्या माणसानं पळायचे.

जाणकार सांगतात, मॅरेथॉनला दहा अंशांच्या आसपास तापमान उत्तम. सोलापुरात दहा अंश फक्त फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात सापडतात. आमच्याकडे ऋतू तीनच: उन्हाळा, कडक उन्हाळा आणि गड्डा. संक्रांतीच्या आगेमागे सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा भरते तेवढे दिवस माणसं स्वेटर घालतात, तेही पेटीतून काढलंच आहे म्हणून.

पळण्याचं वेळापत्रक मी इंटरनेटवरून उतरवलं. ते थंड देशातल्या कुणा प्रशिक्षकानं लिहिलेलं होतं. तिकडे वसंतातल्या शर्यतीची तयारी बर्फात सुरू होते. बोस्टनची मॅरेथॉन १८९७पासून बहुतेक दर वर्षी एप्रिलमध्ये होते, त्यामुळे तिकडची मंडळी सबंध जानेवारी-फेब्रुवारी निसरड्या रस्त्यावर पळतात. वेळापत्रकात सूचना होती, ‘रस्त्यावर बर्फ साचलेला असेल तर आजचा सराव घरात करावा.’ मी तो कागद कपाटाला चिकटवला. बायकोनं वाचला आणि म्हणाली, “अहो, त्यांना कळवा, आपल्याकडे रस्त्यावर डांबर वितळतं. तेव्हा काय करायचं ते लिहिलेलं नाही.”

डिसेंबर मात्र झकास गेला. पहाटे विजापूर रस्त्यानं सैफुल, तिथून पुढं सोरेगाव आणि परत. कुठं हुरड्याच्या आगटीचा वास येतो, आणि माणूस पळताना पोट आत घेऊन पळतो. जानेवारीत गड्डा आला. बाराबंदी घातलेले भक्त सात नंदीध्वज घेऊन शहरातल्या ६८ लिंगांच्या प्रदक्षिणेला निघाले. ती उंचच उंच काठी कमरेवर पेलून दिवसभर चालायचं, गर्दीतून, वळणावळणानं. त्यातल्या एकाच्याही मनगटावर ठोके मोजणारं घड्याळ नव्हतं. मी माझं शर्टाच्या बाहीखाली सरकवलं.

लोकांचं म्हणाल तर सोलापुरात चालणारा माणूस निरोगी समजतात आणि पळणारा आजारी. संभाजी तलावाच्या कडेनं मी पळत असतो तेव्हा माकडटोपी घातलेले निवृत्त गृहस्थ हटकून थांबवतात. “शुगर किती निघाली?” काहीच निघाली नाही म्हटलं की चेहरा पडतो. एकदा मी कंटाळून “दोनशे दहा” म्हणालो. त्यांनी लगेच पाठीवर हात ठेवला, कारल्याचा रस कसा करायचा ते सांगितलं आणि रस्ता मोकळा करून दिला.

फेब्रुवारीपासून हवेनं रंग दाखवायला सुरुवात केली. पहाटे पंख्याखाली चादर ओढावीशी वाटते (सोलापुरी चादर म्हणजे ओढली की माणूस आत कैद), आणि दुपारी दीडला शाळेच्या कचेरीत खुर्चीची रेक्झिन पाठीला चिकटते. कपडे कुठले घालायचे हा प्रश्नच. पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून निघावं तर सोरेगावपर्यंत तो कमरेला बांधलेला असतो. अशोक चौकातला माझा मित्र टॉवेलच्या मागांचा मालक. त्याला माझे ते चकचकीत, घाम न धरणारे शर्ट बघवत नाहीत. “बे, सोलापुरात राहून नायलॉन घालतोस? लाज वाटू दे की,” म्हणत त्यानं टेरी टॉवेलचा एक जाड तुकडा दिला. तो घाम धरतो. इतका धरतो की शेवटी तो वाहून न्यायलाच वेगळं बळ लागतं.

हा मित्र माझ्या लांब पल्ल्याच्या सरावाला बरोबर असतो, स्कूटरवर. पुढच्या डिकीत पाण्याच्या बाटल्या आणि शेंगापोळ्या. परदेशी पळणारे त्या चिकट गोड पुड्या चोखतात, मी शेंगापोळी खातो. गूळ आहे, दाणे आहेत, खिशात मोडत नाही. (शेंगाचटणी मात्र पळता पळता खाऊ नये. का ते विचारू नका.) मित्र दर दोन किलोमीटरवर थांबून चहा पितो आणि मी तोंडाला फेस येऊन पोचलो की सांगतो, “हवा लई भारी पडलीय बे आज.” बसलेल्या माणसाला हवा नेहमीच भारी असते.

उन्हात पळताना नेमकं होतं काय, ते मी वाचून ठेवलंय. स्नायूंनी खर्च केलेल्या ताकदीतला मोठा भाग नुसती उष्णता होतो. ती बाहेर टाकायला रक्त कातडीकडे धाडावं लागतं, आणि त्याच वेळी पायांनाही रक्त पाहिजे असतं. रक्त तेवढंच, मागणारे दोघे, म्हणून हृदय धापा टाकतं. जिथं नळाला चार-चार दिवसांआड पाणी येतं त्या गावच्या माणसाला हे शास्त्र समजायला वेळ लागत नाही. दहा-पंधरा दिवस नेमानं उन्हात राबलं की शरीर सरावतं म्हणे. रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो. अट एकच, ऊन नेमानं पडलं पाहिजे. इथंच यंदाच्या हवेनं दगा दिला.

पण त्याआधी नळाबद्दल. वेळापत्रकाप्रमाणे लांब पल्ला रविवारी पहाटे. आणि आमच्या भागात पाणी यायचा दिवस फिरत फिरत नेमका रविवारवर येऊन बसायचा. पहाटे साडेचारला मी बुटाची नाडी बांधतोय, तोच गल्लीत कुणीतरी ओरडतं, “पाणी आलं!” पुढं मोटर लावणं, टाकी, पिंप, हंडे, आणि शेवटी अंगणातली झाडं. दोन तासांनी मी घामाघूम. घड्याळ म्हणतं, पावलं पुष्कळ झाली, अंतर शून्य. सोम ते शनि सकाळ गेलीच समजा, कारण मी शाळेच्या कचेरीत लिपिक आणि दहावीची परीक्षा सुरू. प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे आणि हजेरीपटांपुढं पळण्याचं कारण सांगून रजा मागायची छाती नव्हती.

लिपिकावरून आठवलं. २०१८ची बोस्टन मॅरेथॉन. कडाक्याची थंडी, धो धो पाऊस, समोरून वारा. नामांकित धावपटू एकेक करून रस्त्याच्या कडेला बसले, आणि जिंकला कोण, तर युकी कावाउची. जपानमधल्या एका सरकारी शाळेच्या कचेरीत पूर्ण वेळ नोकरी करून उरलेल्या वेळात पळणारा गडी. वेळ २ तास १५ मिनिटे ५८ सेकंद. ही हकिकत मी मुख्याध्यापकांना अगदी रंगवून सांगितली. ते म्हणाले, “त्यांच्याकडे ऑनलाइन माहिती भरायची नसेल.”

तर सकाळी जमेना म्हणून लांब पल्ला मी संध्याकाळवर नेला. आणि वळीवही संध्याकाळीच येतो. सकाळपासून जमीन तापते, दुपारी आभाळात ढगांचे मनोरे चढतात, आणि दिवेलागणीला वीज, वारा, पाऊस. हवामान खात्याच्या पत्रकात त्या दिवसांत एक वाक्य पुन्हा पुन्हा येतं, की विदर्भापासून कर्नाटकाच्या अंतर्भागापर्यंत हवेच्या कमी दाबाची द्रोणिका पसरली आहे. नकाशावर बोट फिरवून बघा. ती रेघ आमच्या डोक्यावरून नाहीतर डोक्याशेजारूनच जाते. समुद्रावरून आलेली ओल तिथं वर उचलली जाते आणि अवकाळी कोसळतो.

पहिल्यांदा तो आला तेव्हा मी तुळजापूर रस्त्याला होतो. आभाळ काळं झालं, वारा गार झाला आणि माझे पाय आपसूक सुटले. घड्याळात कधी न दिसलेला वेग दिसायला लागला. मला वाटलं, हेच ते बोस्टन. तेवढ्यात गारा सुरू झाल्या. मित्र डोक्यावर स्कूटरची पायपुसणी धरून एका बंद टपरीच्या पत्र्याखाली शिरला, मागोमाग मी. पत्र्यावर असा आवाज, की दोघं शेजारी उभे राहून खुणांनी बोलत होतो. खिशातल्या शेंगापोळीचा लगदा झाला होता, तो आम्ही तसाच खाल्ला. पाऊस थांबल्यावर रस्ताभर कैऱ्या पडलेल्या. त्या टोपीत गोळा करून मी घरी गेलो, तर बायको दारातच. कैऱ्यांकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. म्हणाली, “दादाचा फोन होता. मणी तडकलेत.”

द्राक्षाचं गणित ज्यांना ठाऊक नाही त्यांना यातलं दुःख कळणार नाही. आमच्या जिल्ह्यात द्राक्ष म्हणजे कौतुकाचा विषय, सोनाका ही जात इथल्या नान्नजचीच. साखर भरलेल्या घडावर पाऊस पडला की मणी पाणी ओढतो आणि साल फाटते. नुसतं ढगाळ राहिलं तरी भुरीचा रोग येतो, मग फवारणी. जे घड उतरवून बेदाण्याला टाकलेत त्यांचं आणखी वेगळं. ते शेडनेटखाली रॅकवर दोन-तीन आठवडे वाळतात, आणि त्या काळात हवा कोरडी पाहिजे म्हणजे पाहिजेच. हिरवा राहिला तर भाव, ओल लागून काळपटला तर व्यापारी हात लावत नाही. म्हणजे ज्या हवेची मी पळताना वाट बघतो, तिच्यात मेहुण्याचं वर्ष जातं. रात्री तो फोनवर विचारायचा, “दाजी, तिकडं कसं हाय आभाळ?” मी खिडकीतून बघायचो. चंद्र ढगात, वारा मस्त. “भरून आलंय रे,” असं मी शक्य तितक्या रडवेल्या आवाजात सांगायचो. बायको बाजूला उभी राहून माझ्या चेहऱ्याची तपासणी करायची.

“हसलात तुम्ही.”

“छे! दात दुखतोय.”

शिवाय पावसानंतरची हवा मला तरी कुठं लाभली? दुसऱ्या दिवशी उकाडा दुप्पट. हवेत ओल भरलेली असली की घाम वाळत नाही, आणि न वाळलेला घाम अंगाला गार करत नाही, नुसता बुटात उतरतो. चार दिवस ३७ अंश, की एक दिवस पाऊस, की पुन्हा ३८. उन्हाला सरावत आलेलं शरीर पुन्हा पहिल्या यत्तेत. काकूंचंही तेच. गव्हाचा चीक शिजवायचा, कुरडया घालायच्या, आणि तिसऱ्या प्रहरी पळापळ करून प्लास्टिकसकट खाली आणायच्या. जिन्यात आमची गाठ पडायची. त्या परात घेऊन उतरत असायच्या, मी बूट घालून निघालेलो.

अशाच एका गाठीत काकू थबकल्या. माझ्या बुटांकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं, पुन्हा बुटांकडे. “मागच्या रविवारी पण तुम्ही निघालात आणि आलाच की हो.” मी म्हटलं, योगायोग. वळीव संध्याकाळी येतो, मी संध्याकाळी पळतो, द्रोणिका असते. काकूंनी द्रोणिका ऐकूनच घेतली नाही. त्यांनी वरच्या मजल्याला हाक मारली, “पापड काढा गं, सर पळायला चाललेत!”

त्या दिवशी आला. जोरात आला.

बायकोनं ही गोष्ट माहेरी सांगितली नसती तर प्रकरण जिन्यातच मिटलं असतं. पण ती पडली शेतकऱ्याची बहीण. आता कासेगावाहून जो फोन येतो त्यात माझ्या तब्येतीची चौकशी आधी आणि आभाळाची नंतर. “दाजी, ऐतवारी पळणार हाय का तुम्ही? किती किलोमीटर?” दहा म्हटलं तर “मग शिपकाच आसंल” म्हणून गडी निर्धास्त होतो. तीस म्हटलं की पलीकडे कुणाला तरी ताडपत्र्या काढायला सांगतो. त्याच्या शेजारचे बागायतदारही त्याच्याकडून माझं वेळापत्रक विचारून घेतात असं कळलं. थंड देशातल्या त्या प्रशिक्षकाला हे कुणी कळवावं.

शर्यत या रविवारी आहे. मित्र येतोय, स्कूटर पुण्यापर्यंत नको म्हणून समजावलंय. रात्री मेहुण्याचा फोन आला. “दाजी, बेचाळीस म्हणजे पूर्ण बेचाळीस का मधी सोडणार?”

“पूर्ण,” मी छाती काढून म्हटलं.

“मग शनवारपातुर रॅक मोकळं करतो. पण पुण्याकडंच पळा, हिकडं सराव करत येऊ नका.”

काकूंनी गहू भिजत घातलेत, पण चीक सोमवारी शिजवणार. मी त्यांना विचारलं, “काकू, समजा त्या दिवशी पाऊस नाहीच आला, लख्ख ऊन पडलं, तर माझं कसं होणार?”

“तुमचं काय व्हायचं ते होईल,” काकू म्हणाल्या, “माझा एक दिवस मात्र फुकट जाईल.”