मोजणीवाली

अहवाल गेल्या आठवड्यात छापून आला. चकचकीत कागद, मुखपृष्ठावर पगडीतला जवान आणि आत आभाराचं पानभर शेपूट. अनुदान देणारे आहेत, सरांच्या सौभाग्यवती आहेत, मुद्रितं तपासणारे आहेत, सरांची गाडी चालवणारे काकासुद्धा नावानिशी आहेत. सगळ्यात शेवटी, पान संपता संपता, ‘विद्यार्थी साहाय्यकांचेही सहकार्य लाभले.’ काकांबद्दल माझं काही म्हणणं नाही. गाडीत बसायची वेळ माझ्यावर कधी आली नाही, मी एसटीने जायचे.

प्रकल्प पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाला, म्हणजे आजच्या इराकला, गेलेल्या मराठा पलटणींचा. 103, 110 आणि 117 नंबरच्या पलटणी सहाव्या पूना डिव्हिजनबरोबर कुत-अल-अमारात अडकल्या. 7 डिसेंबर 1915ला तुर्कांचा वेढा पडला, 29 एप्रिल 1916ला शरणागती. इंटर्नशिपच्या जाहिरातीत ‘संशोधनाचा प्रत्यक्ष अनुभव’ असं लिहिलं होतं. प्रत्यक्षात मी आडव्या स्कॅन झालेल्या वॉर डायऱ्या, म्हणजे पलटणींच्या रोजच्या नोंदवह्या, उभ्या करत होते आणि पेन्सिलीचं गिचमिड अक्षर एक्सेलमध्ये भरत होते. गोरा अधिकारी जखमी झाला की डायरीत त्याचं नाव येतं, हुद्दा येतो. आपल्या शिपायांचा नुसता आकडा. दोन ठार, सात जखमी. एक्सेलमध्ये नावाचा रकाना सरांनीच आखून दिला होता आणि तो रिकामा का, असं दर सोमवारी मलाच विचारायचे.

तो रकाना भरायला म्हणून मला सातारा जिल्ह्यातल्या एका गावी धाडलं. त्या भागात बऱ्याच गावांत संगमरवरी पाटी असते: या गावातून इतके जण महायुद्धाला गेले, त्यांतले इतके कामी आले. वर 1914-1919. (लढाई 1918ला थांबली, तह 1919चा. एवढं कोरायला दगडावर जागा होती, नावांना नव्हती.) मी देवळाच्या पारापाशी टेप लावून पाटीची लांबी-रुंदी घेत होते, तेवढ्यात मागून आवाज आला.

“मोजणीची काय गं तू?”

पारावर एक अण्णा. पांढरी टोपी, पायांशी पिशवी, पिशवीतून डोकावणारा कोथिंबिरीचा शेंडा.

“नाही अण्णा, पाटीचा फोटो घेतेय.”

“पयला फोटूच घेत्यात. मग लाल खुणा करत्यात. मग पार जातो. रस्ता कितीचा हाय?”

“रस्ता नाही हो. इंटर्नशिप आहे.”

“कुटनं कुटवर?”

मी सगळं समजावलं. महायुद्ध, पलटणी, कुत. अण्णांनी तंबाखू मळता मळता शांतपणे ऐकलं आणि चौकशी सुरू केली. इतकी रीतसर चौकशी माझी मुलाखतीतही झाली नव्हती.

“धाडलं कुणी?”

“सरांनी.”

“सर कुटं हाईत?”

“पुण्यात.”

“म्हंजी लढाईला तू आन् सर तळावर. पगार?”

“पगार नाही. सर्टिफिकेट मिळतं.”

अण्णांचा मळता अंगठा थांबला. “आमचा पणजा बसऱ्याला गेल्ता. त्याला सुदिक पगार हुता.”

खोटं कशाला बोलू, मी परतीच्या एसटीतच शोधून पाहिलं. 1914 साली पायदळातल्या शिपायाला महिना 11 रुपये मिळत.

‘सर तळावर’ हेही मनातून जाईना. कुतचा सेनापती टाउनशेंड शरण गेला आणि तुर्कांनी त्याला इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला दिला. शिपाई कैदेत वाळवंट तुडवत उत्तरेला चालले, हजारो वाटेत आणि छावण्यांत मेले. साहेबांना कैदेत असतानाच ‘सर’ ही पदवी मिळाली. आमच्या सरांची आणि त्यांची तुलना करणं बरोबर नाही हे मला कळतं. आमच्या सरांना पदवी आधीपासूनच आहे.

तोवर पारावर माणसं जमली होती. पणज्याचं नाव काय, गावात कुणाकडे बिल्ला, पत्र, काही आहे का, असं मी वही उघडून विचारलं. एका पोराने मोबाइलमधून मान वर काढली.

“मॅडम, मिलिटरीच्या कागदात जात लिवत्यात का?”

“काही कागदांत असते.”

“कुणबी असं?”

पार एकदम सावध झाला. चार वर्षांच्या लढाईत कुणाला रस नव्हता, तो आत्ता आला. कोथिंबिरीची पिशवी बाजूला सरकवून मला बसायला जागा झाली, चहा आला, कुणी आधार कार्डाची झेरॉक्स पुढे केली. सगळ्यांच्या पणज्यांची नावं पाच मिनिटांत माझ्या वहीत. त्यांतला खरोखर बसऱ्याला कोण गेला होता हे सांगायला कुणी तयार नव्हतं, कारण जो गेला नाही त्याची नोंद कशी निघणार? मला हसू येत होतं आणि चीडही. पण बसऱ्याच्या स्मारकावर 40 हजारांहून जास्त माणसांची आठवण आहे, तिथेही भिंतीवर आपल्या साध्या शिपायांचे पलटणवार आकडेच आहेत. नावांची गरज सरकारला शंभर वर्षं पडली नाही. दाखल्यापुरती तरी या लोकांना पडली.

ती यादी ‘असत्यापित’ म्हणून अहवालातून गळली. रकाना रिकामाच छापलाय, ग्लॉसी कागदावर.

आणि आता प्रवासखर्च. हिशेब विभागातल्या बाईंनी माझं एसटीचं तिकीट उजेडात धरलं. शाई उडालेली, कोरी पांढरी पट्टी.

“यावर काहीच नाही.”

“होतं. उडालं.”

“मग तुम्ही गेलात कशावरून?”

मी पाटीचे फोटो दाखवले.

“यात पाटी आहे. तुम्ही कुठे आहात?”

फोटो मी काढलाय, हे उत्तर नियमात बसत नाही. ग्रामपंचायतीचा दाखला हवा, सही-शिक्क्यानिशी. नाइलाजाने अण्णांना फोन लावला.

“कोण? मोजणीवाली व्हय?” अण्णा खूश झाले. “दाखला कवाबी दिऊ की. सरपंच आपला पुतण्याच हाय. फकस्त येताना आमची ती नोंद घिऊन ये.”

“अण्णा, ती सापडली नाही अजून.”

“मग तुजा दाखला तरी कसा सापडंल?”

बिल भरायची मुदत शुक्रवारी संपते. मी पुन्हा वॉर डायऱ्या उघडून बसलेय.