‘पहिल्याच दिवशी दाबून धरा’ हा सल्ला माणसाला चावा आणि कुत्र्याला परत शेल्टर दाखवतो

शेल्टरमधला दांडग्या ताकदीचा, राखणदार वृत्तीचा कुत्रा दत्तक घेणाऱ्यांसाठी एक संदेश फिरतोय. पहिल्याच दिवशी त्याला उताणा पाडून दाबून धरा, म्हणजे म्होरक्या कोण ते कळेल. गुरगुरला तर फटका द्या. अंगण असेल तरच आणा. नसबंदी केली की शांत होतो. उद्या-परवा कुत्रा घरी आणणाऱ्यांच्या हाती नेमका हाच मजकूर पडतोय, आणि त्यात लहान मुलांची घरंही आहेत.

उताणं पाडण्याचंच आधी बघू. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातल्या पशुवैद्यकांनी २००९ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. वर्तनाच्या तक्रारी घेऊन आलेल्या मालकांना त्यांनी विचारलं, घरी काय करून पाहिलंत आणि कुत्रा कसा वागला? उताणं पाडून धरलेल्यांपैकी ३१ टक्के कुत्रे आक्रमक झाले. मार किंवा लाथ खाल्लेल्यांपैकी ४३ टक्के. हे मुळात तक्रारी असलेले कुत्रे होते, मान्य. पण संदेशातला कुत्रा तरी कुठे वेगळा आहे?

गुरगुरणं हा इशारा असतो. मारून तो बंद केला तरी भीती तशीच राहते आणि पुढच्या वेळी कुत्रा न गुरगुरता थेट चावतो. मग लोक म्हणतात, ‘अचानक चावला’! गुरगुरला की थांबा, नजर वळवा, दोन पावलं मागे या आणि कारण टिपून ठेवा: खाण्याचं भांडं, झोपायची जागा, अनोळखी माणूस की मागून लागलेला हात?

पहिले दोन आठवडे पाहुणे नकोतच. कुत्र्याची जागा मुख्य दारापासून लांब ठेवा, मध्ये जाळीचं फाटक लावा. नंतर पाहुणा आला तर तो बसेपर्यंत कुत्रा फाटकाआड. मग लीश लावूनच बाहेर. पाहुण्याने त्याच्याकडे रोखून बघायचं नाही, हात पुढे करायचा नाही. खाऊ कुत्र्याच्या मागे टाकायचा, म्हणजे तो खायला मागे वळतो आणि अंतर वाढतं. हातातून भरवलं तर खाऊच्या ओढीने तो जवळ येतो, खाऊ संपतो आणि तो घाबरतो. चावे तिथेच होतात.

अंगणाच्या मुद्द्यात अर्धं तथ्य आहे. लिफ्ट आणि अरुंद जिन्यात अनोळखी माणूस अंगाशी येतो, तिथे अशा कुत्र्याची खरंच कोंडी होते. पण अंगणात एकटा सोडला की तो कुंपणाशी येरझारा घालत भुंकत राहतो. रस्त्यावरचा माणूस आपल्या वाटेने निघून जातो आणि कुत्र्याला वाटतं, मीच हाकललं. दिवसातून पन्नास वेळा हा सराव झाला की तो पक्काच होतो. अंगण असो-नसो, रोज दोनदा लांब लीशवर, मनसोक्त वास घेऊ देत फिरवायला वेळ हवा.

नसबंदी जरूर करा. त्याने भटकणं कमी होतं. भीतीपोटी केलेली राखण जात नाही.

शेल्टरला विचारायचं ते वेगळंच: कधी चावला का, कुणाला, कातडी फुटली का? भांड्याजवळ माणूस आला तर काय करतो? आधी कुणी परत केला का, कशासाठी? घरातल्या प्रत्येकाने निदान दोनदा, पिंजऱ्याबाहेर भेटावं. जाळीआड भुंकणारा बाहेर वेगळा वागू शकतो. कातडी फुटेपर्यंत चावल्याची नोंद असेल आणि घरात रांगतं मूल असेल, तर त्या घराने दुसरा कुत्रा बघावा.