फडाचं कर्ज आणि शेठचं बिझनेस मॉडेल

काल विषय निघाला तो त्या बातमीवरनं, अजून एक तमाशाचा फड यंदा बाहेर पडणार नाही म्हणून. शेठ लगेच सुरू. "मार्केट नाही तर बंदच पडणार ना, मोबाईलवर सगळं फुकट मिळतंय, त्यांनी आता बिझनेस मॉडेल बदलायला पाहिजे." शेठला काहीही विचारा, उत्तर बिझनेस मॉडेल. पक्याचं लग्न जमेना तेव्हाही त्यानं हेच सांगितलं होतं.

आबाचा चुलता फडात ढोलकीला होता, त्यामुळं त्याला आतलं सगळं माहितेय. तो म्हणाला, "थांब, मॉडेल मी सांगतो. दसऱ्याला फड निघतो, बुद्धपौर्णिमेपर्यंत सीझन. पुढं पावसाळाभर कमाई शून्य, पण कलाकाराचं घर चालायला पाहिजे, पोरांच्या फिया भरायच्या असतात, म्हणून तो मालकाकडनं उचल घेतो. मालक कुठनं आणणार? बँक दारात उभं करत नाही, मग तो सावकाराकडं जातो. म्हणजे पहिली ढोलकी वाजायच्या आधीच अख्खा फड कर्जात. त्यात ट्रक, डिझेल, जनरेटर, शंभरेक माणसांचं दोन वेळचं जेवण. अवकाळी आला की खेळ रद्द होतो, जेवण रद्द होत नाही."

"मग तोट्याचाच धंदा झाला की! बालगंधर्वांची कंपनी पण कर्जातच गेली ना," शेठ.

"गेली. पण निदान पुण्यात त्यांच्या नावानं रंगमंदिर उभं राहिलं. तमाशातल्या विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपती पुरस्कार दोनदा मिळाला आणि 2002 ला त्या गेल्या तेव्हा दवाखान्याचं बिल देणगीदारांनी भरलं. पुरस्कार दाखवून डिझेल मिळत नाही शेठ."

यावर कोणी काही बोललं नाही. मला आबाचं शंभर टक्के पटतं. 2020 आणि 2021, दोन्ही वर्षी जत्रा झाल्या नाहीत, पण व्याज कुठं थांबलं होतं? प्रेक्षक नाही म्हणून फड मोडतो हे अर्धवट बोलणं आहे, फड मोडतो तो पावसाळ्यातल्या उचलीनं, आणि त्या चार महिन्यांसाठी कमी व्याजाचं कर्ज मिळालं तरी कितीतरी फड तगतील. मी तेच बोलायला लागलो तर पिंट्यानं मध्येच विचारलं, "आपल्या जत्रेच्या तमाशाची सुपारी द्यायला नारायणगावला कमिटीतर्फे कोण गेलं होतं रे?"

झालं! पाडव्याला तिथं फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी खेळ ठरवायला येतात, आमच्याकडनं गेला होता शेठ. त्या मॅनेजरला दुपारपासनं अंधार पडेपर्यंत घासला, "गावात पाणी नाही, वर्गणी नाही" म्हणून रडला आणि सुपारी पाडून आला. वर रात्री स्टेजवरनं माईकवर आपलं नाव दोनदा पुकारायला लावलं. आणि त्याच जत्रेत डीजेवाल्यानं सांगितला तो आकडा मुकाट्यानं दिला.

"डीजेवाला ऐकतच नव्हता," शेठ.

"तुझं कसा ऐकेल, मेव्हणाच तो तुझा!" पक्या ओरडला. पिंट्या हसून हसून कट्ट्यावरनं खालीच घसरला.

आबानं जाहीर केलं की यंदा सुपारीला तो स्वतः जाणार आणि सांगितलेल्या आकड्यातला रुपया कमी करणार नाही. शेठ म्हणाला, "जा की, पण वर्गणी कोण गोळा करणार? या पक्याची मागच्या जत्रेची अजून यायचीय." पक्या म्हणे मी दिलीय, पिंट्याकडं दिलीय. पिंट्या म्हणे कधी? मग जे सुरू झालं ते वरच्या मजल्यावरच्या काकू खिडकीतनं खेकसेपर्यंत.