खाकी कव्हरांचा जून

सुट्टी संपली, आता कव्हरांची हमाली. पंधरा वह्या, पुस्तकं वेगळी, आणि शाळेचं फर्मान: खाकी कागदच, प्लॅस्टिक चालणार नाही. का, तर वर्गात सगळं सारखं दिसलं पाहिजे! अहो, कोल्हापूरचा जून आहे हा. कागद हवेतली ओल ओढून फुगतो आणि सेलोटेप आठवड्यात सुटते. मग काही जण स्टेपलर मारतात. त्या पिना गंजतात, पोरांच्या बोटांना टोचतात, दप्तरातली शेजारची वही फाडतात.

महाद्वार रोडवरून आणलेला रोल गुंडाळी सोडत नाही तो नाहीच. उलटा गुंडाळून रात्रभर गादीखाली दाबा, मगच कापा. तिन्ही उघड्या कडांना दोन-दोन इंच जास्त. घडी वही मिटलेली ठेवूनच घालायची. उघड्या वहीवर ताणून घातली की मिटताना कागद कण्यापाशी फाटतो. टेप कागदावरच चिकटवा, पुठ्ठ्यावर नको, नाहीतर कव्हर बदलताना पुठ्ठाही सोलून येतो.

आणि बदलावं लागतंच. ऑगस्टमध्ये बाईंचा निरोप ठरलेला: 'नवीन कव्हर घालून द्या.' त्यातल्या मूल्यशिक्षणाच्या वहीत तोवर तीन पानं लिहिलेली असतात, पण कव्हर पाहिजे!